पिस्तूल बाळगण्याआधी गोळ्यांची खात्री करा

अमेरिकेत नवीन आलेले बरेच जण आधी विचारतात, "पिस्तूल कोणतं घेऊ?" त्याआधी तुमचा व्हिसा बघा. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, गोळ्यासुद्धा जवळ ठेवता येत नाहीत. वैध शिकारीचा परवाना वगैरे मोजकेच अपवाद आहेत. मित्राच्या आग्रहाखातर रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) बंदूक हातात घेण्याआधीही हे लक्षात ठेवा. उद्या ग्रीन कार्ड अडकू शकतं. ग्रीन कार्ड आल्यावर ही बंदी राहत नाही, पण राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत तर हॉलो पॉइंट (पोकळ टोकाच्या) गोळ्या घराबाहेर नेण्यावरच कडक बंधनं आहेत.

हे सगळं नीट झालं असेल, तर पुढचं वाचा.

सरावाच्या गोल नाकाच्या गोळ्या बहुतेक पिस्तुलांत सुरळीत चालतात. तेवढ्यावर विसंबू नका. बाळगण्यासाठी घेतात त्या हॉलो पॉइंट गोळीचं टोक पोकळ आणि पसरट असतं, त्यामुळे चेंबरमध्ये (गोळी झाडण्याआधी जिथे बसते त्या खोबणीत) चढताना ती अडू शकते. जी गोळी बाळगणार तीच, तुमच्याच पिस्तुलातून आणि तुमच्याच मॅगझिनमधून (गोळ्या भरायच्या पेटीतून) झाडून बघा. किती झाडायच्या यावर एकमत नाही. २०० हा आकडा बऱ्याचदा ऐकू येतो. खर्च होतो, पण इथे काटकसर नको. मॅगझिनवर नंबर टाका, म्हणजे अडकलं तर दोष मॅगझिनचा की गोळीचा ते कळेल. एका हाताने धरूनही झाडा. एकदा जरी अडकलं तरी कारण शोधा आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करा.

एखादी गोळी नुसती 'फुस्स' झाली तर लगेच थांबा. ती बॅरलमध्येच (नळीत) अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी झाडली तर बॅरल फुटण्याचा धोका असतो. ट्रिगर दाबूनही काहीच झालं नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. रोज पिस्तूल रिकामं करून सकाळी तीच वरची गोळी पुन्हा चढवली की तिचं टोक दरवेळी आपटतं आणि केसमध्ये (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्यात) हळूहळू आत सरकतं. अशा गोळीने दाब धोकादायक वाढतो. ती खोक्यातल्या नव्या गोळीशेजारी टेबलावर उभी करा आणि डोळे त्याच पातळीवर आणून बघा. जराशी जरी बुटकी दिसली तरी ती झाडू नका, कचऱ्यातही टाकू नका. बाद गोळ्या घेतात का, ते रेंजवर विचारा.