जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स : उघडण्याआधी आणि उघडल्यावर

उजव्या पायाने गिअर टाकायची, 4 गिअरची जुनी कास्ट आयर्न बुलेट वारंवार फॉल्स न्यूट्रलमध्ये, म्हणजे दोन गिअरच्या मधे कोणताच गिअर न लागलेल्या स्थितीत, जाऊ लागली की अनेक गॅरेजांत लगेच गिअरबॉक्स खोलण्याचा सल्ला मिळतो. ही घाई करू नये. अल्बियन या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीच्या या गिअरबॉक्समध्ये अशी तक्रार पुष्कळदा झिजेमुळे नव्हे, तर जुळवणी बिघडल्यामुळे उद्भवते.

सर्वप्रथम क्लच तपासावा. लिव्हरपाशी केबलला 2 ते 3 मिलिमीटर मोकळीक असावी. प्लेटा चिकटलेल्या असतील तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरत पडतो. म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी क्लच दाबून दोन-तीन किका माराव्यात. त्यानंतर पायाच्या यंत्रणेची हालचाल कुठे थांबावी हे ठरवणाऱ्या पट्टीकडे वळावे. ही पट्टी दोन नटांवर सरकते. नट किंचित सैल करून ती थोडी सरकवावी, नट आवळावेत आणि गाडी चालवून पाहावी. एका दिशेची हालचाल वाढली की दुसऱ्या दिशेची तितकीच कमी होते, त्यामुळे येथे धीर लागतो.

एवढे करूनही तक्रार राहिली तर आवाज नीट ऐकावा. या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट जोडलेला असल्याने त्या वेळी खालच्या दांड्यावर, म्हणजे लेशाफ्टवर, भार नसतो. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये येणारी घरघर चौथ्यात थांबत असेल, तर लेशाफ्टचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या, किंवा त्यावरील गिअर झिजल्याचा संशय घ्यावा. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच बंद होत असेल, तर मुख्य शाफ्टचे बेअरिंग तपासावे. चेनची पुढची चक्री हाताने वर-खाली हलत असेल, तर स्लीव्ह गिअरचे, म्हणजे ही चक्री ज्यावर बसते त्या पोकळ गिअरचे, बेअरिंग किंवा बुश सैल झाले आहे असे समजावे.

तेल इंजिन गरम असताना काढावे आणि त्यात चुंबक फिरवावा. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ थर चढला तर काळजीचे कारण नाही. टोकदार कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागतो. चुंबकाला न चिकटणारा पिवळसर चुरा दिसला, तर तो बुशचा असतो.

उघडल्यावर दात बघण्याआधी डॉग, म्हणजे गिअरच्या बाजूचे खुंट, तपासावेत. गिअर सुटतो तो बहुधा खुंटांच्या कडा गोल झाल्यामुळे, फॉर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, वाकल्यामुळे किंवा गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या प्लंजरची स्प्रिंग मऊ पडल्यामुळे. स्प्रिंग स्वस्त असते, ती बदलावीच. गोल झालेले डॉग वेल्डिंगने भरून घासण्याची पद्धत आपल्याकडे प्रचलित आहे, पण मी ती ठामपणे नाकारतो, कारण त्या उष्णतेने पृष्ठभागाचा कडक थर मऊ होतो आणि थोड्याच काळात तेच दुखणे परत येते. एकमेकांत अडकणारे दोन्ही गिअर जोडीनेच बदलावेत. नवे बुश बसवल्यावर ते शाफ्टच्या मापाला रीम करून, म्हणजे आतून नेमके कातून, घ्यावेत.

तेल 90 नंबरचे, शक्यतो जीएल-4 दर्जाचे घ्यावे, कारण ते पितळी बुशांना सुरक्षित असते. गळती लपवण्यासाठी घट्ट ग्रीस ठासून भरू नये. गिअर त्यात चर पाडून फिरतात आणि बुशांपर्यंत वंगण पोहोचत नाही. दुरुस्तीनंतर साधारण 500 किलोमीटरनी तेल बदलून पुन्हा चुंबक फिरवावा.