मॉडेल रेल्वेचं इंजिन मधेच थांबतंय? लेआउटवरचा फॉल्ट असा शोधायचा

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडं मॉडेल रेल्वेचा नाद असणाऱ्यांसाठी लिहितोय. पावसाळा लागला की तक्रार ठरलेली, काल मस्त पळत होती आणि आज पुलावर गेली की झटके मारतेय, नाहीतर जागेवरच उभी. आणि मग लोक पहिलं काय करतात तर इंजिन खोलून बसतात. असं करू नका, बहुतेक वेळा इंजिन चांगलं असतंय, दोष रुळात नाहीतर वायरीत असतो.

आधी सामान. बीप वाजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, कार-मोटरसायकलचा १२ व्होल्टचा बल्ब (२१ वॅटचा एक, ५ वॅटचा एक) त्याला दोन वायरी आणि क्रोकोडाइल क्लिपा लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड, सोल्डरिंग आयर्न. वायरमनचा स्क्रू ड्रायव्हरवाला टेस्टर इथं कामाचा नाही, त्यातला निऑन १२ व्होल्टवर पेटतच नाही, त्यामुळं तो लावून "करंटच येत नाही" असं ठरवू नका.

आता गाडी जिथं थांबते तिथं दुसरं इंजिन ठेवून बघा. दोन्ही तिथंच थांबली तर दोष रुळात, एकच इंजिन सगळीकडं अडखळतंय तर त्याची चाकं आणि करंट घेणाऱ्या पत्र्या बघायच्या.

दोष रुळात असेल तर एका टोकापासून एकेक वायर हलवत जायचं नाही, अर्धं-अर्धं करत जायचं. समजा तुम्ही मिरज-कोल्हापूर लाइन बनवलीय आणि सप्लाय मिरजेच्या टोकाला आहे. तर थेट मधे हातकणंगल्याला मीटर लावा. तिथं बरोबर असेल तर मिरज, जयसिंगपूर सगळं सुटलं, आता रुकडीला बघा, रुकडी बरोबर आणि वळिवड्याला गडबड म्हणजे दोष पंचगंगेच्या पुलाच्या आसपास. तीन-चार मापांत जागा सापडते.

पण हे माप घेताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि बरेच जण इथंच फसतात. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं सांध्यात केसाएवढा जरी कॉन्टॅक्ट उरला असेल तरी तो आरामात १२ व्होल्ट दाखवणार, आणि इंजिन ठेवलं की व्होल्टेज खाली बसणार. म्हणून माप नेहमी लोडवर घ्यायचं. डीसी कंट्रोलर (रुळाला करंट देणारा, वेग कमीजास्त करणारा डबा) फुल करा, जिथं मोजायचंय तिथं दोन रुळांवर बल्ब लावा आणि मग मोजा. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, छोट्या कंट्रोलरला ते झेपणार नाही, तिथं ५ वॅटचा लावायचा. सप्लायजवळ १२ आणि पुलावर ९ आले तर ३ व्होल्ट वाटेत कुठंतरी मुरताहेत.

ते नेमके कुठं, हे बघायची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते. बल्ब पेटता ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, आणि दोन्ही प्रोब एकाच रुळावर, फिशप्लेटच्या (रेल जॉइनरच्या) अलीकडं एक आणि पलीकडं एक. चांगल्या सांध्यावर मीटर शून्याच्या जवळ राहतो. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला की समजा चोर सापडला. जॉइनर बोटानं दाबून बघा, दाबल्यावर बल्ब भक्कन उजळला तर शंकाच नको.

यावर उपाय म्हणजे जॉइनरच्या भरवशावर करंट पाठवायचंच नाही. बोर्डखालून १.५ किंवा २.५ स्क्वेअर एमएमची घरगुती वायरिंगची जोडी फिरवायची आणि साधारण दर एक मीटर अंतरावर तिच्यातून बारीक, आखूड वायर (फीडर) वर काढून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करायची. सोल्डर करताना सप्लाय बंद, फ्लक्स रोझिनचाच, ॲसिडवाला रूळ आणि वायर दोन्ही खातो. आणि सगळेच सांधे सोल्डर करून टाकू नका, रुळाला सरकायला जागा लागते.

रूळ साफ करायला सँडपेपर वापरू नका, बारीक चरे पडतात आणि घाण त्यातच बसते. स्टील वूल तर अजिबात नको, त्याचे तंतू मोटरच्या मॅग्नेटला जाऊन चिकटतात. उद्यमनगरात वर्कशॉप आहे आणि तिथंच वरच्या खोलीत लेआउट मांडलाय अशांनी तर लोखंडाच्या बुरापासून खास जपायचं. कापडावर अल्कोहोल घेऊन पुसलं की पुरे, चाकंही तशीच पुसायची.

गाडी फक्त पॉइंटवर (जिथं एका लाइनीतून दुसरी फुटते तिथं) थांबत असेल तर पॉइंटची पाती बघा. खूप पॉइंटांत करंट पाती आणि बाजूचा रूळ टेकण्यातूनच पुढं जातो, आणि खडी चिकटवताना पाणी घातलेला फेविकॉल तिथं झिरपला की पातळ पापुद्रा तयार होतो, डोळ्याला दिसतही नाही. टूथपिकनं खरवडून अल्कोहोलनं पुसा. कायमचा उपाय हवा तर पॉइंट मोटरच्या स्विचमधून फ्रॉगला (पॉइंटमधे दोन रूळ एकमेकाला छेदतात त्या तुकड्याला) वेगळी वायर द्या.

शॉर्ट असेल तर आधी सगळे डबे, इंजिनं खाली उतरवा. शॉर्ट गेला तर एकेक परत ठेवा, बऱ्याचदा एखाद्या डब्यात धातूच्या चाकाचा ॲक्सल उलटा बसलेला निघतो, म्हणजे इन्सुलेशनवाली बाजू चुकीच्या रुळावर. गाड्या काढूनही शॉर्ट राहिला तर २१ वॅटचा बल्ब सप्लायच्या एका वायरीत सिरीजला जोडा. शॉर्ट असेतोवर तो पेटलेला राहील आणि कंट्रोलर वाचेल. आता फीडर एकेक सोडवत जा, ज्या फीडरला बल्ब विझेल त्या तुकड्यात दोष. आणि लूप फिरून त्याच लाइनला उलटा येऊन मिळत असेल तर तो फॉल्ट नाहीच, तिथं डावा-उजवा रूळ एकमेकाला मिळतात, दोन्ही रूळ दोन्हीकडं तोडून वेगळा सेक्शन करावाच लागतो.

ऋतूचंही बघा. एप्रिल-मेमधे प्लायवूड सुकून आकसतं, रूळ तापून वाढतो आणि इन्सुलेशनसाठी कापलेली फट मिटून शॉर्ट होतो. पावसाळ्यात प्लाय फुगतं आणि सैल जॉइनर सुटायला लागतात. फटीत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून रुळाच्या आकारात घासून टाका, मे महिन्याचा त्रास गेला.

डीसीसीवाल्यांना (डिजिटल कंट्रोलवर गाड्या चालवणाऱ्यांना) थोडं वेगळं आहे. तिथं रुळावर वेगानं उलटसुलट होणारा करंट असतो, साधा मीटर एसीवर ठेवून आकडा बरोबर येईलच असं नाही, फक्त दोन जागांची तुलना करा. त्याहून महत्त्वाची नाण्याची टेस्ट. रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा (ते पुरत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर), बूस्टर (रुळाला करंट पुरवणारा डबा) लगेच ट्रिप झाला पाहिजे. दर एक मीटर अंतरावर आणि प्रत्येक पॉइंटच्या पलीकडं करा. जिथं ट्रिप होत नाही तिथून नाणं ताबडतोब उचला, कारण वायरी बारीक पडल्यात आणि खरा शॉर्ट झाला तर बूस्टर करंट सोडतच राहणार, डब्याचं प्लास्टिक वितळेपर्यंत. त्या जागी नवीन फीडर टाका, परत नाणं टेकवा, ट्रिप झाला तरच गाडी ठेवा.