झाडपाल्याचा अर्क मारूनही कीड जात नाही? मग या चुका टाळा

"अर्क मारला पण मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) तसाच आहे", हे ऐकून ऐकून कान किटलेत. बहुतेक वेळा अर्क बरा असतो, आपण तो विकतच्या औषधासारखा वापरतो तिथे गडबड होते. निंबोळीतलं कामाचं द्रव्य, म्हणजे अझाडिरॅक्टिन, किडीला जागेवर आडवं करत नाही, ते तिचं खाणं बंद पाडतं, कात टाकू देत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पानं उलटून बघितली तर किडी जिवंतच दिसणार, आणि मग माणूस घाईघाईत डबल डोस मारतो आणि पानंच करपवून बसतो. चार-पाच दिवस थांबा, नवीन खाल्लेली पानं दिसतात का तेवढं बघा. आणि अळी बारीक असतानाच हे चालतं, बोटाएवढी झाली की अर्काच्या भरवशावर राहू नका.

निंबोळी उकळायची तर अजिबात नाही, उष्णतेने कामाचं द्रव्यच मोडतं. 5 टक्के अर्काला 5 किलो निंबोळीची भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून दोनदा गाळायची (नाहीतर नोझल चोक होऊन अर्धा वेळ पंप उघडण्यातच जातो), 200 ग्रॅम साधा साबण विरघळवून घालायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. साबण म्हणजे कपड्याची पावडर नव्हे, तिने पानं जळतात. तयार अर्क त्याच दिवशी संपवा, तोही संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा दम लवकर जातो. फवारा पानाच्या खालून गेला पाहिजे, मावा आणि पांढरी माशी तिथेच लपलेली असते.

आता तंबाखूचा चुरा. नैसर्गिक आहे म्हणून उघड्या हातांनी कालवणारे बघितले की मला धडकीच भरते, निकोटीन कातडीतून अंगात जातं, मळमळ, चक्कर, उलट्या सुरू होतात. ग्लोव्ह्ज आणि मास्क हवाच. शिवाय तंबाखूतून मोझॅक व्हायरस (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा विषाणू) टोमॅटो-मिरचीवर येऊ शकतो, म्हणजे मावा घालवायला गेलात आणि रोग आणून बसलात! या पिकांवर तरी मी तंबाखू वापरत नाही.

संत्र्या-लिंबाच्या सालीत तेल असतं, अर्क कडक झाला तर कोवळी पानं भाजतात, म्हणून आधी दोन-तीन झाडांवर मारून 48 तास बघायचं. आणि रोगट झाडांचा पाला अर्काला घेऊच नका.