रात्री बाराची डेडलाइन आणि बाकीचं

आमच्या विभागात नवीन कोणी शिकवायला लागलं की पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी माझ्या केबिनमध्ये येऊन विचारतं, "मॅडम, मुलं फार ताणात दिसतात हो. काय करावं त्यांच्यासाठी?" मी उलट विचारते, असाइनमेंट कधीपर्यंत मागितलीय? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: रविवारी रात्री ११:५९. आधी ती वेळ बदला म्हणते, बाकीचं मग बोलू.

मी संख्याशास्त्र शिकवते, २२ वर्षं झाली. सुरुवातीला वाटायचं, शिकवणं माझ्याकडे आणि मुलांचं मन सांभाळणं समुपदेशकांकडे, अशी सरळ वाटणी आहे. पुढे लक्षात आलं की मुलांच्या ताणातला बराचसा भाग आपणच तयार करतो, बहुधा नुसत्या निष्काळजीपणाने. घरचं आजारपण, पैशांची ओढाताण, मोडलेलं प्रेम, यांवर माझा काही इलाज चालत नाही. तारखांवर चालतो.

म्हणून तारखांपासून सुरू करा. रात्री बाराची वेळ दिली की मुलं बारापर्यंत जागतात आणि अडलं तर विचारायला कोणी नसतं. मी मंगळवारी दुपारी ४ ही वेळ देते. सोमवारी माझा शंकांचा तास असतो, त्यामुळे गाडी अडली तर आदल्या दिवशीच कळतं. सत्र सुरू होण्याआधी त्याच वर्गाला शिकवणाऱ्या बाकीच्यांबरोबर एक मोठा कागद घेऊन बसा आणि सगळ्यांच्या तारखा एकत्र मांडा. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा चार विषयांचे चार प्रकल्प एकाच आठवड्यात येऊन पडत असल्याचं दिसलं. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही चौघं स्टाफरूममध्ये बसून 'ही मुलं नेहमी शेवटच्या क्षणी जागी होतात' म्हणून कुरकुरत होतो.

मुदतवाढीचा नियम मला एका विद्यार्थ्याने शिकवला. त्याची असाइनमेंट आठवडाभर उशिरा आली. मी कारणाचा पुरावा मागितला, कारण तेव्हा मी सगळ्यांकडेच मागायची. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि उभा राहिला. मी तो कागद वाचल्यासारखं केलं. त्या दिवसापासून मी पुरावे मागणं सोडलं. आता प्रत्येकाला सत्रात दोन वेळा ४८ तासांची मुदतवाढ मिळते. कारण सांगायचं नाही, फक्त मुदत संपायच्या आत एका ओळीचा मेल टाकायचा. काहीजण फायदा उपटतात का? उपटतात. ४८ तास लुबाडून कोणी गब्बर होत नाही. उलट या नियमाचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता: तिसऱ्यांदा मुदत मागायला जो येतो, त्याच्याशी बसून बोलायला हवं हे मला आपोआप समजतं.

आता वर्गातलं. प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिका. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येत, एरवी गप्प असणारी मुलं बोलत, 'माहीत नाही' कमी होई. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण फळ्यासमोर उभं राहिल्यावर ते युगासारखे लांबतात. मी टेबलाखाली बोटं मोजते.

त्याहून चांगलं म्हणजे आधी सगळ्यांकडून उत्तर लिहून घ्या. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझुर यांनी १९९०च्या दशकात ही रीत रूढ केली: प्रश्न टाका, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. माझा आवडता प्रश्न असा: २, ३, ४, ५, ५६ या संख्यांमध्ये ५६ च्या जागी १५६ आले, तर सरासरी आणि मध्यक (म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या) किती बदलतील? सरासरी १४ वरून ३४ वर उडी मारते, मध्यक ४ वरच ढिम्म बसून राहतो. हे मी सांगितलं तर वहीत उतरतं. शेजारणीशी भांडून सापडलं तर डोक्यात राहतं. शिवाय चुकीचं उत्तर आधी शेजारणीसमोर चुकतं, शंभर जणांसमोर नाही. लाजाळू मुलांसाठी हा फरक केवढा मोठा असतो, ते आपण विसरलेलो असतो.

हे नुसतं माझं मत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. मुलांना असं कामाला लावणाऱ्या वर्गांच्या तुलनेत नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. नापास होणं हा मनःस्वास्थ्याचाच प्रश्न आहे, हे वेगळं सांगायला नको. मात्र एक सावधगिरी बाळगा. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं की कामाला लावणाऱ्या वर्गांत विद्यार्थी जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. डोक्याला कष्ट पडले की माणसाला आपण मठ्ठ वाटतो. म्हणून पहिल्याच तासाला सांगून टाका: इथे अवघड वाटेल, आणि ते शिकवणं बिघडल्याचं लक्षण नव्हे. मी हे सांगायचं विसरले त्या वर्षी मुलांचे अभिप्राय वाचून दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते.

सगळी मदार शेवटच्या एका परीक्षेवर ठेवू नका. मी दहा छोट्या चाचण्या घेते, पाच-सहा मिनिटांच्या, आणि त्यातल्या चांगल्या आठ धरते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणजे चाचणी हेच शिकणं झालं. आणि दर आठवड्याला दोन-पाच गुणांसाठी लिहायची सवय लागली की शेवटच्या पेपराला हात कापत नाहीत. गुण आठवड्याच्या आत परत द्या, सोबत एकच सुधारणा लिहा. लाल शाईच्या अकरा शेऱ्यांपैकी विद्यार्थ्याच्या लक्षात फक्त लाल रंग राहतो.

आता अवघड भाग. कोण खचलंय हे ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, फरक दिसला पाहिजे. पुढच्या बाकावरची मुलगी तीन आठवडे मागे बसायला लागली, नियमित येणाऱ्याच्या दोन चाचण्या चुकल्या, नीटनेटकं अक्षर अचानक विस्कटलं. अशा वेळी मी मेल टाकते, साधारण असा: "गेल्या दोन मंगळवारी तू दिसला नाहीस, म्हणून विचारतेय. गुणांचं काही नाही. उद्या ३ ते ५ मी केबिनमध्ये आहे, आलास तर बरं वाटेल. नाही जमलं तर नुसतं 'ठीक आहे' एवढं कळव." यात 'हजेरी' हा शब्द चुकूनही घालू नका. मी एकदा घातला होता. उत्तर म्हणून वैद्यकीय दाखला आला, विद्यार्थिनी आली नाही.

विद्यार्थिनी भेटायला आली की दार अर्धं उघडं ठेवा, फोन उलटा ठेवा आणि तुम्ही काय पाहिलंत तेवढंच सांगा. 'तू डिप्रेशनमध्ये आहेस का' हे निदान झालं, ते आपलं काम नाही. 'हल्ली तू वर्गात गप्प असतेस' हे निरीक्षण झालं. मग पुन्हा तेच तीन सेकंद, इथे तीस लागले तरी चालतील. उपाय सुचवायची घाई करू नका आणि 'आमच्या वेळी' ने वाक्य सुरू करू नका. 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका, जिवाला धोका असेल तर तुम्हाला ते मोडावं लागेल. त्याऐवजी म्हणा, तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तरच मी दुसऱ्याला सांगेन, आणि तेही तुला सांगून.

बोलण्यात 'आता काही अर्थ नाही', 'सगळ्यांची सुटका होईल' असं काही आलं, तर सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. माझी जीभ पहिल्यांदा अडखळली होती, म्हणून घरी आरशासमोर दोनदा म्हणून बघा, हसू नका. उत्तर 'हो' आलं तर त्या मुलाला एकटं सोडू नका. पुढचा तास रद्द करा, समुपदेशकांना तिथूनच फोन लावा आणि स्वतः चालत बरोबर जा. धोका अगदी समोर दिसत असेल तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा, दोन ओळींत का होईना. पुष्कळ शिक्षक इथे चुकतात: एकदा पोचवलं की काम झालं असं धरतात, आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपल्याला दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं.

स्वतःला मात्र वापरून संपवू नका. मी संध्याकाळी ७ नंतर मेलला उत्तर देत नाही आणि हे पहिल्या तासालाच सांगते, सोबत तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा तेही फळ्यावर लिहिते.

एक शेवटचं. मी अशाच एका मुलीला घेऊन समुपदेशन कक्षात गेले, तर तिथे खुर्च्यांचं गोदाम. कक्ष सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या इमारतीत हलला होता आणि माझ्या स्लाइडवर जुनाच पत्ता होता. ती मुलगी तेवढ्यात "राहू द्या मॅडम" म्हणून परत फिरायला लागली. हाताला धरून नव्या इमारतीचे दोन जिने चढवावे लागले. तेव्हापासून प्रत्येक सत्राच्या आधी मी स्वतः तिथपर्यंत चालत जाऊन येते, दारावरच्या वेळा उतरवून घेते, आणि जेवणाच्या सुट्टीत कक्ष उघडा असतो का, तेही विचारते.