मुंबईत हळद्या दिसला, पण नक्की कुठला?

पिवळाधमक पक्षी दिसला की ग्रुपवर 'हळद्या!' म्हणून फोटो पडतो आणि सगळे पुढे जातात, पण आपल्याकडे त्याच्या दोन जाती नेहमी दिसतात आणि ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ऑनलाइन साइटवर, टाकताना त्या वेगळ्या लिहायलाच हव्यात.

आधी गळा बघा. हळद्या सहसा झाडाच्या शेंड्याकडेच असतो, आपण मान वर करून उंबराच्या पानांतून त्याला खालूनच बघतो, त्यामुळे गळाच पहिला दिसतो. गळा आणि छातीचा वरचा भाग काळा असेल तर तो काळ्या डोक्याचा हळद्या, विषय संपला. गळा पिवळा आणि डोळ्यातून मागे गेलेली काळी पट्टी असेल तर साधा हळद्या, म्हणजे इंडियन गोल्डन ओरिओलचा नर. चोच आणि डोळे दोघांचेही लालसर, त्यात वेळ घालवू नका.

खरी गोची मादी आणि पिल्लांची. साध्या हळद्याची मादी हिरवट-पिवळी, पोट पांढरट आणि त्यावर गडद रेघा. आता काळ्या डोक्याच्या पिल्लाच्या गळ्यावर पण पांढऱ्यात काळ्या रेघा असतात, चोच काळी, कपाळावर पिवळे फटकारे, मग गोंधळ होतोच. तेव्हा रेघा कुठे थांबतात ते बघायचं, गळ्या-छातीपाशी थांबून खाली पोट पिवळं असेल तर हे पिल्लूच.

सीझनचीही मदत होते. काळ्या डोक्याचा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, आरेत वर्षभर असतो, साधा हळद्या आपल्याकडे मुख्यतः हिवाळ्यात.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत दोघेही 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे फारसा धोका नसलेले, पण ते जगभरचं चित्र आहे, तुमच्या गल्लीतला उंबर तोडला तर त्या यादीत काही हलणार नाही आणि हळद्या मात्र तिथून गेलेला असेल. मला याचीच जास्त काळजी वाटते. घरटं दुबेळक्यात झोळीसारखं टांगलेलं असतं, खालून पटकन कळत नाही, आणि सोसायट्यांची छाटणी नेमकी पावसाळ्याआधी, म्हणजे विणीच्या काळातच निघते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरटी-अंडी पण येतात आणि झाड तोडायला 1975 च्या राज्याच्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, तेव्हा सेक्रेटरींना आधीच सांगा, घरट्याची फांदी दाखवा, आणि घरट्याचं लोकेशन ग्रुपवर अजिबात टाकू नका.