तीन आठवड्यांचं समर स्कूल, नऊ महिन्यांची तयारी

जर्मन विद्यापीठात व्यवसाय आणि जर्मन भाषेचं समर स्कूल, म्हणजे छोटा उन्हाळी अभ्यासक्रम, करायचं असेल तर सगळ्यात आधी कॅलेंडर समोर घ्या. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेची, जर्मन विद्यापीठांची मात्र साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतची. तिथलं समर स्कूल भरतं तेव्हा ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत नवं सत्र सुरू होऊन महिना उलटलेला असतो आणि हजेरी ७५ टक्के लागते. व्यवसाय आणि जर्मन असा जोड अभ्यासक्रम निवडून, फी भरून झाल्यावर अंतर्गत परीक्षा त्याच आठवड्यात असल्याचं कळलं, तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून अर्ज करण्याआधी प्राचार्यांकडून रजेची परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘जा, बघू नंतर’ यावर विसंबू नका. त्याच भेटीत बोनाफाईड आणि ना हरकत पत्रही मागून ठेवा, व्हिसाला दोन्ही लागतात.

बीकॉम किंवा बीएमएस करणाऱ्यांसाठी आमच्या मते दुसरं वर्ष संपल्यानंतरचा जुलै सर्वांत सोयीचा. पदवीचं एक वर्ष बाकी असतं, त्यामुळे विद्यार्थी परत येणार याचा पुरावा कागदावर आपोआप तयार असतो. शेवटच्या सत्रानंतर वेळ मोकळा असतो खरा, पण बरीच समर स्कूल त्या क्षणी कुठल्या तरी विद्यापीठात नाव असलेलाच विद्यार्थी घेतात. ‘पदवी झाली, पुढचा प्रवेश व्हायचा आहे’ ही अवस्था चालेल का, हे ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

क्रेडिटचा आकडा वाचायला शिका. ईसीटीएस ही युरोपातल्या विद्यापीठांची क्रेडिट मोजायची सामायिक पद्धत. त्यातलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि त्यात वर्गाबाहेरचा अभ्यासही धरलेला असतो. समजा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम ५ क्रेडिटचा आहे. एकूण काम झालं १२५ ते १५० तास. रोज चार तास याप्रमाणे १५ दिवसांत वर्गातले ६० तास भरतात. उरलेले ६५ ते ९० तास वाचन, गृहपाठ आणि गटाच्या सादरीकरणाचे. शनिवार-रविवार धरले तरी रोजचे तीन-चार तास झाले. दर वीकेंडला नवं शहर बघायचा बेत करून गेलेल्यांची दमछाक इथेच होते. ते क्रेडिट आपल्या गुणपत्रिकेत येतील का, हे पूर्णपणे तुमच्या कॉलेजवर आणि विद्यापीठावर आहे. तिकडे पूर्ण वर्ष ६० क्रेडिटचं, आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार ४० चं, म्हणजे आकडा जसाच्या तसा उतरत नाही. विषयाची तासवार रूपरेषा घेऊन परीक्षा विभागाला आधीच भेटा.

अर्जात जर्मन पद्धतीचे गुण विचारले तर गोंधळू नका. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम पास. रूपांतराचं सूत्र सोपं आहे: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा पासाचे किमान गुण याने भागा, आलेल्या उत्तराला ३ ने गुणा आणि १ मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए असेल आणि पासाची पायरी ४ असेल, तर उत्तर २.० येतं. हा चांगला आकडा आहे. आठवर पाणी सोडून दोन लिहिताना अनेकांचा हात थरथरतो, पण बरोबर तेच.

आता भाषा. जोड अभ्यासक्रमात व्यवसायाचे तास बहुधा इंग्रजीत असतात आणि जर्मनचे गट पातळीप्रमाणे पाडतात. जर्मन शून्य असलं तरी अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो, आणि फसगत होते ती तिथेच. नवशिक्यांच्या गटात तीन आठवडे नाव, गाव आणि पावाची ऑर्डर यांतच जातात. ए१ ही भाषेची पहिली पायरी, ए२ दुसरी. ए२ पूर्ण करून गेलात तर फोनवर वेळ ठरवणं, व्यावसायिक पत्र, बैठकीत मत मांडणं, असं खरं व्यवसायाचं जर्मन हाती लागतं. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे ए१ ला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, आणि ए२ पर्यंत पोचायला सुरुवातीपासून मोजून २०० ते ३५०. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून आठवड्याला पाच तास दिले, तर जूनअखेर साधारण २६० तासिका होतात. नऊ महिने म्हणतो ते यासाठी. दिवाळीनंतर सुरू करू म्हटलं की गणित चुकतं.

वर्ग मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटच्या इथल्या केंद्रात आहेत, मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्याला आहे, आणि खासगी वर्ग ठाण्यात, वाशीतही भरतात. नवशिक्याने घराजवळचा वर्ग घ्यावा असं आम्ही सांगू. पहिल्या चार महिन्यांत शिक्षकाच्या नावापेक्षा आपली हजेरी जास्त मोलाची, आणि संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याहून सीएसएमटी गाठणारा दुसऱ्या महिन्यात गळतो. परीक्षा मात्र मान्यताप्राप्त केंद्रातूनच द्या. शिष्यवृत्ती हवी असेल तर जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवा, म्हणजे डाड, समर कोर्ससाठी मदत देते. तिच्या अर्जाची मुदत साधारण आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणून भाषेचा दाखला त्याआधीच हातात असावा लागतो. तसं असेल तर वर्ग एक वर्ष आधी धरा.

मराठी माणसाला जर्मन शिकताना काही गोष्टी फुकट मिळतात, त्या वापरा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तीन लिंगं डोक्याला ताप वाटतात. आपण तो, ती, ते म्हणतच मोठे झालो, तेव्हा देर, दी, दास ही कल्पना नवी नाही. फक्त लिंग मराठीतून उचलू नका: आपलं टेबल नपुंसकलिंगी, तिथला टिश पुल्लिंगी, आपला सूर्य तो, तिथली झोन्ने ती, आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी. नाम पाठ करताना लिंगासकटच करा. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की जर्मनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, आणि क्रियापद शेवटी ठेवणं आपल्या हाडीमासी आहे. झी आणि डू यांत तुम्ही आणि तू एवढंच अंतर. प्राध्यापकांशी झी, वर्गमित्रांशी डू.

आकडे तर थेट आपले. एकवीसमध्ये एक आधी आणि वीस नंतर, तसंच जर्मनमध्ये ‘एक-आणि-वीस’. इंग्रजीतून विचार केला की फोन नंबर उलटा लिहिला जातो, मराठीतून केला तर नाही. एकोणतीस, एकोणचाळीस असे आकडे तेवढे वेगळे: एकोणतीसला तिथे सरळ ‘नऊ-आणि-वीस’. पण व्यवसायाच्या वर्गात आकड्यांचे दोन सापळे आहेत. १.२५० असं छापलेलं दिसलं तर ते साडेबाराशे असतं, सव्वा नव्हे. तिथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. दुसरा सापळा जास्त महाग: जर्मन बिलियोन म्हणजे इंग्रजीतलं ट्रिलियन, आणि आपले शंभर कोटी म्हणजे मिलियार्दे. कंपनीच्या उलाढालीचा तक्ता मांडताना ही चूक झाली तर तुमचं उत्तर हजारपटीने चुकतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव व वडिलांचं नाव एकत्र. अर्ज गुणपत्रिका बघून भरला की प्रवेशपत्र उलट्या नावाने येतं आणि व्हिसाच्या खिडकीवर अडतं. प्रवेश, विमा, तिकीट, फी, सगळं पासपोर्टप्रमाणेच भरा. पासपोर्ट नसेल तर आधी तोच काढा. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला २००० जास्त.

९० दिवसांपर्यंतच्या अभ्यासाला शेंगेन सी व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा, पुरतो. फी ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला, परतीनंतर किमान ३ महिने चालणारा आणि २ कोरी पानं असलेला हवा. प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस, कधी ४५ पर्यंत. एप्रिल-मेमध्ये सहलीला जाणाऱ्यांमुळे अर्ज द्यायच्या वेळा मिळेनाशा होतात, म्हणून प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी वेळ शोधायला बसा. जोडून पॅरिस करायचं असेल तर ज्या देशात सर्वाधिक दिवस, त्याच देशाकडे अर्ज करा. वडिलांच्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक तीन लाख आले तर शंका येते. मामाने मदत केली असेल तर मामाचं पत्र आणि आयकर विवरणपत्र जोडा, लपवू नका. बँक स्टेटमेंटवर शाखेचा शिक्का आणि सही घ्या.

फी बँकेतून पाठवताना परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ फॉर्म (भाषेच्या ए२ शी याचा संबंध नाही) आणि पॅन लागतं. वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, कापला जात नाही. एक खूण नीट करा: मधल्या बँकांचा खर्च पाठवणाऱ्याकडे. तो वाटून घेण्याचा पर्याय निवडला तर वाटेत काही युरो कापले जातात, विद्यापीठाच्या खात्यात रक्कम अपुरी पडते आणि जागा ‘फी बाकी’ म्हणून अडकते. संदर्भाच्या रकान्यात अर्ज क्रमांक लिहायला विसरू नका.

सामानात तूप, पेढे, श्रीखंड नको. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मेतकूट, गोडा मसाला, चिवडा चालतो. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी किराणा भरा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली परत केली की मिळते. देशभर चालणारं मासिक डॉइचलांड तिकीट स्वस्त पडतं, पण ते आपोआप पुढे चालू राहतं. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढचा महिनाही खात्यातून जातो. वेळापत्रकात तासापुढे ‘सी टी’ ही अक्षरं असली तर तास १५ मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस टी’ असेल तर ठोक्याला.

जर्मनीतून परत निघण्याआधी शेवटचा एक दिवस तिथल्या विद्यापीठाच्या कार्यालयासाठी राखून ठेवा. हजेरीचा दाखला आणि गुणांचं पत्रक हे वेगवेगळे कागद आहेत, आणि कॉलेजला क्रेडिटसाठी दुसरा हवा असतो. तो नंतर पोस्टाने येणार असेल तर पत्ता पिनकोड आणि फोनसह तपासून द्या, सोसायटीचं नाव आणि विंगही लिहा. पत्रकावरचं तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, हे तिथेच खिडकीसमोर उभं राहून वाचा.