स्वतःची प्रोग्रामिंग भाषा लिहिताय? या चुका टाळा

दिवाळीत अमरावती-नागपूरच्या कॉलेजातली पोट्टी गावी येतात. दिवसभर घरच्या कापसाची वेचणी, संध्याकाळी आमच्या ओसरीवर लॅपटॉप. यंदा त्यांनी छोटी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा (माहिती आणि तिच्यावरचं काम क्लास नावाच्या साच्यात एकत्र बांधणारी) आणि तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम, करायला घेतला. ते जिथे जिथे अडकले, ते लिहून ठेवतो.

सगळ्यात जास्त रात्री मेथड-टेबलने (क्लासच्या मेथड, म्हणजे त्याची कामं, कुठल्या घरात आहेत त्याची यादी) खाल्ल्या. 'पीक' हा क्लास, त्यात 'उतारा' ही मेथड. 'कापूस' त्याचा वारस, म्हणजे 'पीक' बाप आणि 'कापूस' मूल; त्याने 'उतारा' नव्याने लिहिली आणि स्वतःची 'वेचणी' जोडली. 'पीक' प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये कापूस ठेवून उतारा मागितला, तर आकडा आला वेचणीचा!

"सर, एरर तर येऊनच नाही राहिली."

येणारच नाही. टेबलात त्यांनी मुलाच्या नवीन मेथड आधी आणि बापाच्या नंतर मांडल्या होत्या. 'पीक'साठी तयार झालेला कोड थेट पहिल्या घरात जातो, आणि तिथे वेचणी बसलेली. बापाचं टेबल जसंच्या तसं उतरवा, नव्याने लिहिलेली मेथड त्याच जुन्या घरात ठेवा, नवीन मेथड शेवटी जोडा. फील्डचा (क्लासमध्ये साठवलेल्या माहितीचा) क्रमही असाच हवा. शंका आली की कंपायलरकडून प्रत्येक क्लासचं टेबल छापून घ्या. दहा मिनिटांत चूक दिसते.

दोन बाप देण्याचा मोह पहिल्या भाषेत आवरा. दोघांनाही पहिलंच घर हवं असतं. १९६७ च्या सिम्युला या सुरुवातीच्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेतही क्लासला एकच बाप होता.

कंपायलर नुसताच फिरत राहिला, तर 'अ'चा बाप 'ब' आणि 'ब'चा बाप 'अ' झालाय का पाहा. आधी सगळ्या क्लासची नावं गोळा करा, वारशात फेरा नाही ना तपासा, मगच मेथडच्या आत शिरा. खाली लिहिलेला क्लास वर सापडत नाही, ही तक्रारही त्यानेच मिटते.

मराठी नावं चालवायची असतील (चालवाच, माझा आग्रह आहे), तर लेक्सरकडे (मजकुराचे शब्द, चिन्हं असे तुकडे पाडणारा कंपायलरचा भाग) नीट लक्ष द्या. 'अक्षर आहे का' विचारणारी पाइथनची इझअल्फा मेथड मात्रेला अक्षर मानत नाही, म्हणून 'पीक'चे तुकडे पडतात. मात्रा, अनुस्वार, हलन्त नावाच्या आत चालतील असा नियम लिहा.

त्याहून अवघड 'वऱ्हाड'. यातला ऱ एकाच कोडचा असू शकतो, किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा जोडलेला. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण सिम्बॉल टेबलात (कंपायलरच्या नावांच्या यादीत) दोन वेगळी नावं. युनिकोडच्या (अक्षरांना कोड देणाऱ्या मानकाच्या) एनएफसी या ठरलेल्या एकसारख्या रूपात आणलं की ती एक होतात. तिसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. तो एनएफसीने सुटत नाही. जोडचिन्ह नुसतं काढू नका, नाहीतर ह वर रफार चढतो. त्या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा. तिन्ही 'वऱ्हाड' एकाच फाइलीत टाकून ही चाचणी पहिल्याच आठवड्यात घ्या.